पाच नंबरचा शेजार

समोरच्या गिरणीचा भोंगा गप्प झाला आणि परळच्या मुकादम चाळीपुढच्या सहा गाळ्यांना सकाळ कधी झाली तेच कळेना. तोवर घड्याळाचं काम भोंगाच करायचा. तो वाजला की एक नंबरात चक्कीचा पट्टा फिरे, दोन नंबरात न्हाव्याचा वस्तरा चामड्यावर चढे आणि चार नंबरात मंजुळाच्या तव्यावर पहिली भाकरी पडे. पाळी सुटली की सहाही दुकानांपुढे जत्रा. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. जत्रा पांगली आणि देव तेवढा मागे राहिला, असं मंजुळा म्हणायची. देव म्हणजे तिचा नवरा गुणाजी.

गुणाजी साचेखात्यातला. कापड विणणारे चार साचे त्याच्या हाताखाली. त्यातला एकशे बारा नंबरचा लाडका, म्हणजे खोडकर. उजव्या काठात एक तार तो नेहमी दुहेरी ओढायचा. फिटरने तीनदा उलगडून बघितला, पण साचा काही ऐकेना. "माझ्या घरवालीसारखो आसा," गुणाजी खात्यात सांगायचा. "सांगलां तर मुद्दाम करतलो."

संप झाल्यावर त्याने आपली दोन हत्यारं, तुटलेली तार ओढायचा हूक आणि बोटाएवढी कात्री, शर्टाच्या खिशात घातली आणि शेजारच्या पाच नंबरच्या पायरीवर येऊन बसला. तिथून गिरणीचं फाटक सरळ दिसायचं. फाटक उघडलं तर पहिला आत जाणारा तो असणार होता.

पाच नंबरात तेव्हा दत्तारामचं पान-विडीचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे सगळे गिरणीचेच. गणपतीपर्यंत त्याने कळ काढली आणि मग गावी जायची ट्रंक बांधली. जाताना त्याने भिंतीवरची रवळनाथाची तसबीर तशीच ठेवली.

या ओळीच्या दोन रीती होत्या. कुणी घातल्या ते ठाऊक नाही, पण मोडल्या कुणी नव्हत्या. जाणाऱ्याने पुढच्यासाठी एक वस्तू ठेवून जायची. आणि येणाऱ्याची भवानी, म्हणजे त्याच्या दुकानाची पहिली विक्री, शेजारच्या दुकानदाराने करायची. पैसे रोख, भाव न करता. मग दुकान टिकतं.

मालकाचे दिवाणजी जयवंत गाळ्याला कुलूप लावायला आले, तेव्हा मंजुळालाच म्हणाले, "वहिनी, घेता का पाचपण? नवा माणूस शोधायचा माझा त्रास वाचेल."

मंजुळा पायरीकडे वळली. "अवो, घेवया काय पाच नंबर? तुमी बसा."

"मी?" गुणाजीने फाटकावरची नजर काढली नाही. "साचेवालो माणूस गाळ्यात बसान विड्यो इकतलो? आज ना उद्या भोंगो वाजतलो गो."

"बरां," मंजुळा म्हणाली आणि भाकरी उलटली.

गाळ्याचं तिला काही नव्हतं. तिला तो माणूस पायरीवरून उठायला हवा होता. चार नंबरात तो कांदे चिरून द्यायचा, पाणी भरायचा, पण पाहुण्यासारखा. मदत करून झाली की हात पुसून परत पायरीवर. तिच्या आईकडून तिला जात्याबरोबर ओव्या आल्या होत्या. जातं गावी राहिलं, ओव्या परळला आल्या. आता त्या परातीत पीठ मळताना निघायच्या. आतली गोष्ट नवऱ्याला तोंडावर सांगायची तिची रीत नव्हती; ती परातीला सांगायची.

पुढच्या वर्षी दौलत आला. केस कानांवर, शर्टाची वरची तीन बटणं उघडी. त्याने पाच नंबरात टीव्ही आणि व्हिडिओ आणला, खिडकीला काळा पडदा लावला आणि बाहेर पाटी ठोकली: दररोज तीन खेळ.

पहिल्या खेळाला मंजुळा पदराला पीठ पुसत पैसे घेऊन दारात उभी राहिली.

"अरे वहिनी, तुम्हाला तिकीट? तुम्ही घरच्या. फुकट बसा ना!"

ओळीच्या टोकाला ओट्यावर तुळसा मासळी विकायची. शीवच्या कोळीवाड्यातून पाटी घेऊन यायची, आणि तिचा आवाज पाटीच्याही आधी यायचा. ती तिथूनच ओरडली, "ए केसाळ्या! भवानी परत करतं का कोनी? आलेली लक्ष्मी उलट्या पावली धाडशील. घे गुपचूप, कपाळाला लाव!"

दौलतने घाबरून पैसे कपाळाला लावले. मंजुळा अंधारात एकटी बसली आणि दीड तास मारामारी बघितली. बाहेर आली तेव्हा तुळसाने विचारलं, "काय गो, कसा होता?"

"कोन कोनाक मारी होतो ता कळला नाय. पन सगळे कामात होते."

त्या संध्याकाळी परातीतून ओवी निघाली:

शेजार आला बाई, पडद्यावर नाचे नटी
पायरीवरी बसून, वाट पाहे माझा पती

गुणाजीने ऐकली. ऐकलं नाही असं दाखवलं.

दौलतचे दिवस मजेत गेले. मग चाळीत घरोघर टीव्ही आले आणि रविवारी सगळी चाळ आपापल्या घरात बसू लागली. दौलतने सामान टेम्पोत भरलं आणि एक लांब बाकडं मागे ठेवलं. "गुणाजीभाऊ, पायरी थंड लागते. यावर बसा."

जयवंत कुलूप घेऊन आले. मंजुळाने पुन्हा विचारलं. गुणाजी बाकड्यावर जरा ऐसपैस बसला आणि म्हणाला, "काल फाटकार वॉचमन बदललो. कायतरी हालता आतमधी."

"बरां," मंजुळा म्हणाली.

मग आली गिरगावची दमयंती. बोलणं मुगभाटातलं, चाल तरतरीत, आणि परळमध्ये तोवर कुणी न बघितलेलं ब्यूटी पार्लर. ओळीत कुजबुज झाली. चक्कीवाला म्हणाला, लालबाग-परळात बायका पीठ दळतील की तोंड रंगवतील? भवानी कोण देणार हा प्रश्नच नव्हता, पण देणार कशी हा होता. मंजुळा पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसली, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "जां सगळ्यात कमी दुखता तां कर."

दमयंतीने दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, दोन बोटांत फिरवलं आणि भुवया कोरायला घेतल्या. अर्ध्या भुवईवर दोरा तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. बाकड्यावर बसलेला गुणाजी पहिल्यांदा फाटकाकडे पाठ करून वळला.

"ह्यो दोरो कच्चो, पोरी. पीळ कमी आसा." दोन्ही टोकं त्याने हातात घेतली, नुसती बोटं हलली आणि गाठ बसली. दमयंतीने गाठ शोधली, सापडली नाही. "चाळीस नंबरचो आन. उलट्या पिळाचो. मगे तुटाचो नाय."

"काका, हे तुम्हाला कसं माहीत?"

"पंधरा वर्सां ह्याच केलंय. फक्त भुवयेर न्हय."

अर्ध्या तासाने मंजुळा बाहेर आली, तर गुणाजी बघतच राहिला. "गो, भुवयो खंय गेल्यो?"

"भवानीत."

दोन दिवस तो तिच्याशी बोलताना कपाळाकडे बघायचा आणि गालात हसायचा. संपानंतर त्याला हसताना तुळसाने पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, "मंजुळे, दुसरी जोडी असती तर तीपन काढून घे म्हटलं असतं."

शेजार आला बाई, आरशाला आली रीत
भुवईचा केला दोरा, दोऱ्याला दोऱ्याची प्रीत

दमयंतीचं पार्लर चाललं. चक्कीवाल्याची सूनच पहिल्या महिन्यात तीनदा आली. दोरा गुणाजी पारखून द्यायचा. टॉवेल उसवला, पडदा फाटला की दमयंती बाकड्यावर आणून टाकायची. तो हूक काढायचा आणि फाटलेल्या जागी तार तार ओढून अशी भरायचा की फाटलं कुठे होतं ते कापडालाही आठवू नये. हळूहळू चाळीतल्या बायकाही पातळं आणू लागल्या. पैसे देऊ केले की तो उठून उभा राहायचा. "पैशे कसले? मी साचेवालो आसंय. वेळ जाऊक करतंय."

तीन वर्षांनी दमयंतीला दादरला मोठी जागा मिळाली. जाताना तिने पुरुषभर उंचीचा आरसा भिंतीवर ठेवला. जयवंत आले, मंजुळाने विचारलं, गुणाजीने डोकं हलवलं. तिचं "बरां" त्या वेळी जरा उशिरा आलं.

मग चंदूचा टेलिफोन बूथ. पिवळी पाटी, काचेची केबिन, आत एक ट्यूब. मंजुळाच्या माहेरी गावात एकच फोन होता, पोस्टात. तिने केबिनमध्ये जाऊन, कान दाबून, कणकवलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोराने विचारलं, "पावस पडलो?"

पोस्टमास्तर म्हणाले, "पडलो."

"बरां. ठेवतंय." बाहेर येऊन तिने डोळे पुसले.

"आजी, इतक्यात काय झालं?" चंदू घाबरला.

"आजी कोनाक म्हनतंस? काय जावक नाय. पावसाचो आवाज येय होतो फोनात."

शेजार आला बाई, तारेवरून येतो सूर
कोकण ग आलं जवळ, गिरणीचं दार दूर

रस्ता ओलांडला की गिरणीचं दार. वीस पावलं. ही ओवी ऐकून गुणाजी बाकड्यावरून उठला आणि उगाच चाळीला एक चक्कर मारून आला.

चंदूचा बूथ सगळ्यांत जास्त टिकला. पंच्याण्णव साल उजाडलं. त्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर चार दिवसांनी, गिरणीचं फाटक उघडलं.

गुणाजी ताडकन उभा राहिला. शर्ट खाली ओढला, खिशातली हत्यारं चाचपली. फाटकातून एक ट्रक बाहेर आला. मग दुसरा. आत लोखंड रचलेलं होतं: चाकं, दांडे, तुटक्या पट्ट्या. साचे भंगारात चालले होते. गुणाजी रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. ट्रक वळताना एका साच्याच्या बाजूवर पांढऱ्या रंगातले आकडे दिसले. एकशे तरी दिसलं. पुढचं गंजात गेलं होतं.

तो परत येऊन बसला. मंजुळाने ताट आणून बाकड्यावर ठेवलं. तो जेवला, सगळं जेवला, आणि ताट स्वतः धुऊन आणून दिलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून बाकडं त्याने रस्त्याकडून फिरवून भिंतीकडे केलं.

त्याच महिन्यात चंदूनेही दादर स्टेशनबाहेर जागा घेतली. काचेची केबिन आणि ट्यूब तशीच ठेवून गेला. जयवंत आले ते या वेळी कुलूप न आणता, मान खाली घालून.

"वहिनी, मालकांकडे एक पार्टी आलीय. शोरूम टाकायचीय. त्यांना चार आणि पाच दोन्ही हवेत, मधली भिंत काढून. पाच रिकामा राहिला तर मालक तुम्हाला मागच्या बाजूला हलवणार. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पाचमध्ये कुणी बसलं, तर मी सांगू शकतो की ओळ भरलीय."

"मागे गिऱ्हाईक येतलां?" मंजुळाने विचारलं.

"मागे मांजर येतं," जयवंत म्हणाले.

त्या रात्रीच्या भाकऱ्या गोल झाल्या नाहीत. तिने गुणाजीला विचारलं नाही. तेरा वर्षांत तीनदा विचारून झालं होतं. आता विचारलं असतं आणि भंगाराच्या ट्रकनंतरही तो नाही म्हणाला असता, तर ते "नाय" तिला झेपलं नसतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. गिरणी चालू असताना त्या दिवशी साच्यांना झेंडूच्या माळा चढायच्या, मशीन बंद ठेवून तेल-कुंकू लागायचं. संपानंतरही दरवर्षी गुणाजी हूक आणि कात्री पाटावर मांडायचा, दोन फुलं वाहायचा. या वर्षी पाट मांडलाच नाही. हत्यारं खिशातून काढून त्याने ट्रंकेच्या तळाशी टाकली. मंजुळाने ते बघितलं, आणि दुपारी चपला घालून दादरला गेली. येताना झेंडू आणला, एवढंच सगळ्यांना दिसलं.

दसऱ्याला सकाळी ऊन तापलं. "अवो, बाकडां आत घ्या, उनाक कित्याक बसतास?" मंजुळा म्हणाली. गुणाजीने बाकडं पाच नंबरात ओढलं आणि रवळनाथाच्या तसबिरीखाली बसला. समोर आरसा. तेरा वर्षं फाटक बघणाऱ्या माणसाला आरशात बघायला काही सुचेना.

अकरा वाजता दमयंती आली, रेशमी साडीत, घाईघाईने. "काका! बरं झालं भेटलात. हे बघा काय झालं!" तिने पिशवीतून एक जुनं सुती पातळ काढलं. पदरावर वाटाण्याएवढं भोक. "आज संध्याकाळी मला हेच नेसायचंय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"हत्यारां नाय माझ्याकडे."

"आसतली मा घरात!" मंजुळा चार नंबरातून म्हणाली, आणि गंमत म्हणजे हूक आणि कात्री तिच्या कमरेलाच होती. तिने ती बाकड्यावर ठेवली आणि परत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. थापायचा आवाज मात्र येईना.

गुणाजीने पातळ मांडीवर घेतलं. बोटं काठावरून सरकत गेली. उजव्या काठापाशी थांबली. मग त्याने खाली वाकून भोकाकडे बराच वेळ बघितलं. दमयंती पदर चुरगाळत उभी. चंदूच्या ट्यूबचा उजेड बरोबर मांडीवर पडत होता. त्याने काठाच्या आतल्या बाजूने सूत काढून घेतलं आणि तार तार विणायला लागला. अर्धा तास गेला. पातळ उजेडात धरलं, भोक नव्हतं.

दमयंतीने पटकन पाकिटातून नोट काढून त्याच्या हातात कोंबली. "नाही म्हणायचं नाही, सणाचा दिवस आहे!"

तो उठून उभा राहिला, नेहमीसारखा. तेवढ्यात तुळसा आपली पाटी सोडून दारात येऊन उभी. "हातात आली, बघ! पाच नंबरात बसून घेतली, गुणाजी! भवानी ती. परत केलीस तर लक्ष्मी उलट्या पावली!"

चक्कीवाला आला, न्हावी आला, तोंडाला अर्धा साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक आलं. जयवंत आपट्याची पानं वाटायला आले होते, ते तिथेच थांबले. मंजुळा सगळ्यांच्या मागे, हात पिठाचे.

गुणाजी नोटेकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "रीत काय आसा? पयली भवानी शेजाऱ्याची. दमयंती, तू दादरची."

तुळसाचं तोंड उघडंच राहिलं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, मंजुळाच्याही नाही. दोन दिवस सगळं ठरवलं, आणि जन्मभर जी रीत पाळली तीच विसरली. तिने पिठाचा हात कपाळावर मारून घेतला.

"पन," गुणाजीने पातळाचा काठ वर धरला, "ह्यां बघा. हय तार दुहेरी आसा. ह्यां माझ्या एकशे बाराचां काम. संपाच्या आदल्या दिवाळेक गिरणीच्या दुकानातसून एकच घेतलेलां, आनि जिच्यासाठी घेतलां ती थय मागे उबी आसा, कपाळार पीठ लावन." त्याने रफूच्या जागी बोट टेकवलं. "आनि भोक जळलेलां न्हय, जाळलेलां आसा. अगरबत्ती टेकवल्याशिवाय इतक्या गोल भोक पडना नाय. चौदा वर्सां जपलेलां पातळ, जाळताना हात कसो उठलो गो तुझो?"

"दोन येळा मागे इलो," मंजुळा म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग साबणवालं गिऱ्हाईक हसलं आणि सगळेच हसले.

"म्हंजे कापड शेजाऱ्याचां," गुणाजी म्हणाला. "मगे चलात." आणि त्याने नोट कपाळाला लावून रवळनाथापुढे ठेवली. मंजुळाने पुढे होऊन हूक आणि कात्रीवर झेंडूची दोन फुलं वाहिली. जयवंतांनी खिशातून पेन काढलं, कागद सापडेना, तेव्हा आपट्याच्या पानांचं वेष्टन उलटं करून त्यावरच लिहिलं: पाच नंबर, गुणाजी, रफूकाम, ओळ भरलेली.

दुकान लावायला काहीच लागलं नाही. देव दत्तारामचा, बाकडं दौलतचं, आरसा दमयंतीचा, केबिन आणि उजेड चंदूचा. तेरा वर्षं सगळे येत-जात होते ते जणू त्याचंच दुकान मांडायला.

संध्याकाळी परातीतून आवाज आला. भिंतीपलीकडे बारीक कात्री वाजत होती, तिच्या तालावर:

शेजार आला बाई, नाव त्याचं घेऊ कशी
दिवसा भिंतीपल्याड, सांजेला ग ताटापाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, भोंग्याच्या वेळेला, गुणाजी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चार नंबरच्या दारात उभा राहिला.

"डबो दी."

"डबो?" मंजुळा हसायला लागली. "चार पावलांर तर आसा गाळो. जेवणाक हाक मारतंय मा मी!"

"कामार जातलो माणूस डब्याशिवाय जाता काय गो?"

तिने फळीवरून पितळी डबा काढला. तेरा वर्षं त्यात मेथ्या भरल्या होत्या. तिने मेथ्या ओतल्या, डबा धुतला, दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी भरली आणि त्याच्या हातात दिला. डबा हलवत, चार पावलं चालत, गुणाजी कामाला गेला.